करमअली टंडेलाची फस्टक्लास कंबर

दिवेआगरच्या उत्तर अंगाला, बोर्लीच्या वाटेवर, सुपारीच्या वाड्या संपतात तिथं मुसलमानांची आठ घरं होती. त्यातल्या तिसऱ्या घराच्या पडवीत एक शाळा चालायची. पाटी नाही, पुस्तक नाही, फी नाही. मास्तर करमअली टंडेल आणि विषय एकच, आगबोटीच्या डॉक्टरपुढे पास कसं व्हायचं.

'डॉक्टरला फसवायचं कसं' असं कुणी म्हटलेलं करमअलीला खपत नसे. फसवतात ते वाणी आणि सोयरे. खलाशी पास होतो.

गोष्ट अशी होती की मुंबईला बोटीवर नोकरी धरायची तर आधी कंपनीचा डॉक्टर अंग तपासणार. शंभर-दीडशे माणसं ओळीत उभी, आणि साहेबाच्या वाट्याला माणशी तीन मिनिटं. तेवढ्यात ज्याला खोकला आला, ज्याचा पाय अडला, किंवा ज्याने भोळेपणानं 'इथं जरा दुखतं' म्हणून सांगितलं, त्याचं गाठोडं परत गावाला. मग पुढलं सहा महिने सारंगाच्या, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या दारात त्याची बकरी बांधा, त्याच्या बायकोला सुपारी पोचवा, तेव्हा कुठं पुन्हा ओळीत जागा मिळायची.

करमअलीनं सव्वीस वर्षांत एकदाही ओळ सोडली नव्हती. काखेत लिंबाएवढं करट घेऊन तो पास झाला होता. पायाचं बोट मोडलेलं असताना झाला होता. म्हणून दिवेआगर-बोर्लीचे होतकरू पोरगे त्याच्या पडवीत येऊन उघड्या अंगानं उभे राहायचे आणि करमअली त्यांच्या बरगड्यांत बोटं खुपसून शिकवायचा.

"साहेबाच्या डोळ्यात बघू नको. कोटाच्या वरल्या बटनाकडं बघ. दम नाकानं सोड, हळूच. हात लावील तिथं दुखंल, तर दुखू दे, त्याला कोन अडवतंय? तोंडावर न्हाय आलं पायजे. आनि साहेबानं इचारलं, दर्द है? तर काय सांगशील?"

"नहीं साहेब, फस्टक्लास!" पोरगे ओरडायचे.

करमअलीचा जावई सिराजुद्दीन ह्याच शाळेतला. तो अंगात सणसणून ताप असताना पास होऊन आला, तेव्हाच करमअलीनं त्याला मुलगी द्यायचं ठरवलं, असं बायका म्हणायच्या. ती मुलगी, अतिया, हे ऐकून म्हणायची, "माज्याशी लगीन करताना पन ताप व्हताच की त्यांना." सिराजुद्दीन वर्षातले दहा महिने बोटीवर असे आणि दोन महिने घरी, त्यामुळे दोघांचं फार छान चाललं होतं. अतियाची आई वारलेली, म्हणून नवरा समुद्रावर असताना ती बापाच्याच घरी राहायची. संस्थानच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली. आठ घरांची सगळी पत्रं तीच लिहायची आणि तीच वाचायची. म्हणजे आठ घरांत काय शिजतं ते तिला आधी कळायचं. पण ती तोंडाची पक्की होती, आणि हाच तिचा मोठा दोष मानला जायचा.

तर एकोणीसशे तीस सालच्या डिसेंबरात कराचीच्या धक्क्यावर करमअली फाळक्यात पडला. फाळका म्हणजे बोटीच्या पोटातली माल भरायची खोल जागा. वरची फळी सरकली आणि टंडेल बारा फूट खाली लोखंडी नळांच्या भाऱ्यावर कमरेनं बसला. तिथल्या इस्पितळात बावीस दिवस काढले. तेविसाव्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, आता कसं आहे? बोट दोन दिवसांनी सुटणार होती. करमअली खाटेवरून उतरला, ताठ उभा राहिला आणि जे सव्वीस वर्षं म्हणत होता तेच म्हणाला. डॉक्टरनं लिहून दिलं, बरा झाला, कामास लायक.

मुंबईपर्यंत त्यानं रेटलं. मुंबईत बोटीची शिडी काही चढवेना. सारंगानं बोंब न करता त्याच्या हातात राहिलेला पगार ठेवला आणि कोकणच्या बोटीत बसवून दिलं. दिघीच्या बंदरात पडावातून किनाऱ्यावर यायला कोळ्यांच्या खांद्यावर बसावं लागायचं. एका दांडग्या कोळ्यानं त्याला उचललं मात्र, करमअलीच्या तोंडून असा आवाज निघाला की कोळ्यानं त्याला सोडूनच दिलं. गुडघाभर पाण्यात टंडेल आडवा. अतिया न्यायला आली होती. बापाचा तसला आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

घरी आल्यावर आवाज बंद झाला. दुखणं बंद झालं नाही.

पहिले दोन महिने अतियाला नीटसं कळलंच नाही की किती दुखतंय, कारण विचारावं तर "बरा हाय". गाव समाचाराला यायचं. करमअली भिंतीला टेकायचासुद्धा नाही. ताठ बसून रंगूनच्या गोष्टी सांगायचा, हसायचा, वर पाहुण्यालाच विचारायचा, "तुजा गुडगा कसा हाय रं?" पाहुणा फाटकाबाहेर गेला की कुडता पाठीला चिकटलेला असायचा. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत जळायचा. शिंक आली तर आधी दाराची चौकट पकडावी लागायची. नमाजाला बसता येईना म्हणून त्यानं एक खोकं घेतलं, आणि मशिदीत न जाण्याचं कारण विचारलं की सांगायचा, "इमामाचा आवाज बसलाय." इमामानं हे ऐकलं आणि तो महिनाभर करमअलीशी बोलला नाही.

उपचार भरपूर झाले. वेणूबाई कोळीण रोज मासळीची पाटी घेऊन यायची, ती पाटी उतरवून आधी कमरेला तेल लावायची आणि मग मासळीचा भाव सांगायची. वाळू तापवून तिची पुरचुंडी करून शेक झाला. म्हसळ्याच्या हकिमाचं चाटण झालं. मग कुणीतरी डाग देणारा आणला, त्यानं विळा लाल करून कमरेवर सात डाग दिले. करमअली सवयीनं बटण शोधायला गेला. डागणाऱ्याच्या अंगात बंडीच होती, तिला बटणं नव्हती, म्हणून तो त्याच्या ताइताकडे बघत होता. सगळ्यांनी वाहवा केली. कंबर तशीच.

एके सकाळी तेल लावता लावता वेणूबाई म्हणाली, "आगो अतिया, माज्या मावशीचा हरेश्वर नाय का मुंबयच्या गोदीत? त्याची दोन बोटं गेली यंत्रात. सरकारनं कंपनीकडनं पैसं देवविलं त्याला. कायदा झालाय म्हनं."

"बोटांचा?"

"बोटांचा, हाताचा, पायाचा. परतेकाचा भाव ठरलेला. माज्या पाटीवानी."

"कंबरेचा?"

"तेवडं मी कुटं इचारलं? त्याची कंबर साबूत हाय. लगीन ठरलंय मेल्याचं, आठ बोटांत."

खाटेवरून करमअली म्हणाला, "माजी पन साबूत हाय." दोघी बायकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

अतियानं हरेश्वरकडून पत्ता मागवला आणि खलाशांच्या युनियनच्या कारकुनाला पत्र टाकलं. त्याचं नाव रामचंद्र. हा अलिबागचा, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव मिरचीसारखा. आठ दिवसांत उत्तर आलं. 'बाई, कायदा खलाशांनाही लागू आहे. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज व्हावयास पाहिजे, म्हणजे जूनच्या तीन तारखेच्या आत. आपल्या तीर्थरूपांनी स्वतःच्या तोंडाने बरा आहे म्हणून सांगितल्याचे कराचीच्या कागदावर आहे, सबब काम कठीण. येथील डॉक्टरांपुढे त्यांना हजर करावे लागेल. मेअखेर बोटी बंद होतात हे आपणास सांगणे नको. तीर्थरूपांस तोंड आवरण्यास सांगावे.'

अतियानं शेवटचं वाक्य गाळून पत्र वाचून दाखवलं. करमअली म्हणाला, "मी न्हाय येनार."

"का?"

"मना काय झालंय?"

 ओटीवरचा पाण्याचा तांब्या अतियानं उचलला आणि चार पावलांवर, दाराशी, जमिनीवर ठेवला. "अब्बा, तेवडा तांब्या आना."

करमअलीनं तांब्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.  शेवटी म्हणाला, "तहान न्हाय लागली."

पण मुंबईला गेला मात्र. मेच्या मध्यावर तिघं बोटीत बसली. तिसरा म्हणजे करमअलीचा धाकटा भाऊ ताजुद्दीन. बाईमाणसाबरोबर कुणी धडधाकट पुरुष हवा म्हणून तो निघाला, असं त्याचं म्हणणं. डोंगरीत त्याच्या सासुरवाडीची खोली होती आणि खोलीखाली खिम्याचं हॉटेल होतं, असं बाकीच्यांचं म्हणणं.

रामचंद्रानं अर्ज लिहिला, तपकिरीची चिमूट ओढली आणि बजावलं. "भरपाईच्या कमिशनर साहेबांपुढे कागद जाईल. त्याआधी कंपनी आपल्या डॉक्टरकडून तपासणी करवून घेणार, तो तिचा हक्क आहे. मंगळवारी. टंडेल, एवढंच करा. डॉक्टर विचारील दुखतं का, तर हो म्हणा. सव्वीस वर्षं नाही म्हणालात, एकदा हो म्हणा."

तीन दिवस डोंगरीच्या खोलीत उलटी शाळा भरली. ताजुद्दीन डॉक्टर झाला. त्यानं पांढरी चादर अंगावर घेतली आणि खाकरला.

"दर्द है?"

"हाय थोडा."

"थोडा न्हाय, भाई! बहोत! बहोत दर्द है साहेब!"

"बहोत."

"तोंड वाकडं कर. इंजनात कोलसा घालतोस का दुखनं सांगतोस? अतिया, बघ गो, हा हसतोय!"

"तू चादरीत गावच्या जनीच्या म्हशीसारका दिसतोस, मी काय करू?"

तरी तिसऱ्या दिवशी करमअली चांगलं कण्हू लागला. ताजुद्दीननं तर सांगितलं की खालच्या हॉटेलवाल्यानंही चौकशी केली, वर कोण आजारी आहे.

मंगळवारी कंपनीच्या दवाखान्यात अतिया पडद्याबाहेर बसली. आत फिनेलचा वास, लाकडी मेज, आणि पांढऱ्या कोटाचा गोरा डॉक्टर. करमअली ताजुद्दीनच्या खांद्यावर भार देऊन आत गेला. आतून आवाज आला, "करमअली? खडा हो."

आणि बाहेर बसलेल्या अतियाला कळलं की बाप उभा राहिला. भाऊ बाजूला झाल्याचं तिनं पावलांवरून ओळखलं. एक दम नाकानं हळूच सुटला.

"दर्द है?"

"नहीं साहेब. फस्टक्लास."

"झुको."

तो झुकला. जमिनीला हात लावला त्यानं! ताजुद्दीन पुढं आयुष्यभर सांगत असे की सात डाग दिलेला माणूस घडीच्या चाकूसारखा मिटला आणि उघडला. डॉक्टरनं दोन ओळी लिहिल्या. पुढच्याला बोलावलं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर करमअलीचा डावा पाय गेला. तिथून खालपर्यंत तो बसून उतरला, एकेक पायरी. ताजुद्दीन जिनाभर शिव्या देत होता, त्यातल्या निम्म्या भावाला आणि निम्म्या भावाच्या बापाला, म्हणजे आपल्याच बापाला.  अतियानं फक्त डोक्यावरचा पदर नीट केला, आणि नीट असलेला पदर पुन्हा नीट केला.

खोलीवर आल्यावर करमअलीला पालथं निजवलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माजं तोंड माजं राह्यलं न्हाय गो. साहेब म्हनला खडा हो, आनि मी खडा झालो. दुखनं मागं राह्यलं, मी फुडं."

"आनि आता?"

"आता ते आलं. भाड्यासकट."

ताजुद्दीन खिमा खायला खाली गेला, तेव्हा अतियानं विचारलं, "अब्बा, खरं सांगा. नुसती सवय हाय का आनखी काय हाय?"

करमअलीनं मग सांगून टाकलं. खलाशाचं नोकरीचं पुस्तक असतं, त्याला नली म्हणायचे. त्यावर एकदा 'अनफिट'चा शिक्का बसला की बोट संपली. "मी इचार केलता, पावसाळा घरी काडतो, दसऱ्याच्या टायमाला पुन्ना ओळीत उभा राहतो. तीन मिन्टांचा तर सवाल हाय. तीन मिन्टं मी अजून काडतो, बघितलंस न्हवं?"

"बघितलं. आनि चौथ्या मिन्टाला?"

तो भिंतीवरचा पोपडा नखानं खरवडू लागला.

"चौथ्या मिन्टाला शिडी चडायची असती, अब्बा. तुमचं दुखनं तुमचं, पन कूस मी वळवते. मना खोटं सांगू नका."

"मंग तूच सांग साहेबाला," करमअली भिंतीला म्हणाला. "माज्या तोंडातनं न्हाय येत. तुजं तोंड काय कमी हाय?"

रामचंद्राला सगळं कळलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला, मग तपकीर ओढली, मग पुन्हा डोक्याला हात लावला. कंपनीचा डॉक्टर म्हणतो लायक, कराचीचा डॉक्टर म्हणतो लायक, आणि रोगी म्हणतो फस्टक्लास. आता एकच वाट होती. कमिशनरकडे अर्ज करून मोठ्या इस्पितळातल्या तटस्थ डॉक्टरचं मत मागायचं. तशी परवानगी मिळाली, पण तपासणीची तारीख पडली मेच्या अठ्ठावीसची. कोकणची शेवटची बोट सव्वीसला सुटणार होती.

"बोट गेली तर जाऊ दे," अतिया म्हणाली.

ताजुद्दीनची त्याला हरकत नव्हती. त्याची हरकत दुसरीच होती. अतिया डॉक्टरपुढे काय बोलणार ते तिनं सांगितल्यावर तो कधी नव्हे तो गंभीर झाला. "पोरी, ही गावाची विद्या हाय. तू साहेबाला सांगितलंस की आमी पास कसं व्हतो, तर उद्या परतेकाला घंटाभर उभा करतील. बोर्लीची निम्मी पोरं घरी बसतील. तुजा सिराजुद्दीन पन."

हे अतियाच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. ती म्हणाली, "मी गावाचं न्हाय सांगनार. मी माज्या बापाचं सांगनार." पण ते म्हणताना तिचा आवाज तिलाच पुरेसा वाटला नाही.

इस्पितळातला डॉक्टर म्हातारा निघाला, आणि मराठी बोलणारा. कोट होताच. करमअलीनं कोट पाहिला आणि अतियाला दिसलं की बाप उंच व्हायला लागला. ताजुद्दीनचा हात सुटला. नजर बटणावर गेली.

"काय टंडेल, दुखतं का?"

"न्हाय साहेब. फस्टक्लास."

डॉक्टरनं कागद उलटले. "मग अर्ज कशाला केलात बुवा?"

"साहेब," अतिया म्हणाली, "मी बोलू का?"

"रोगी कोण, तुम्ही का हे?"

"रोगी हे. पन तुमी विचारलंत की हे हेच सांगनार. सव्वीस वर्सं दर वेळी बोटीच्या डॉक्टरपुढं हेच सांगितलं, न्हायतर भाकरी जाते. त्यांना तीन मिन्टं निभावता येतात. तीन मिन्टांत तुमाला काय दिसायचं न्हाय. जास्ती वेळ ठेवून बघा. एवडंच."

मागं ताजुद्दीननं डोळे मिटले.  म्हाताऱ्या डॉक्टरनं खिशातलं घड्याळ काढून मेजावर ठेवलं आणि म्हणाला, "मी बोटीचा डॉक्टर नाही. मला भरतीचं काही विचारायचं नाही. टंडेल, तुम्ही रंगूनला गेलात का कधी? आमचा मुलगा तिकडे रेल्वेत आहे. पत्र म्हणून पाठवत नाही. कसं गाव आहे हो?"

रंगून म्हटल्यावर करमअली खुलला. नदी सांगितली. नदीतून वर जाताना पाणी कसं मातट होतं ते सांगितलं. सोन्याचं देऊळ सांगितलं. तीन मिनिटं झाली. लाकडाचे तराफे, त्यांवर झोपड्या, झोपड्यांत कोंबड्या. पाच झाली. कपाळावर घाम आला, तो त्यानं बोलण्याच्या भरात पुसल्यासारखा पुसला. डॉक्टर म्हणाला, "आणि भात कसा असतो तिकडचा?" भात चिकट असतो साहेब. डाव्या गुडघ्यात कंप सुरू झाला. भात चिकट, मासळी... मासळी नदीची... उजवा हात मेज शोधायला निघाला, मेज लांब होतं, हात परत आला. सात मिनिटं. "मासळीला..." म्हणून तो थांबला. नजर बटणावरून सुटली आणि खोलीभर फिरली.

"अतिया," तो म्हणाला, "धर गो मना."

तिनं धरलं. ताजुद्दीननं दुसऱ्या बाजूनं धरलं. डॉक्टरनं घड्याळ खिशात घातलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. त्याला निजवून पाय उचलून पाहिले, सुई टोचून पाहिली. डाव्या पावलाच्या कडेला सुई कळतच नव्हती. कमरेचा फोटो काढला, त्यात खालचा एक मणका चेपलेला स्पष्ट दिसला. डॉक्टरनं पाठीवरचे डाग मोजले. "हे कुणी दिले?"

"गावचा मानूस हाय साहेब."

"दुखलं?"

करमअलीनं मुलीकडे पाहिलं. "लई दुखलं," तो म्हणाला. बोलून तो स्वतःच चकित झाला.

डॉक्टरनं चामड्याचा पट्टा लिहून दिला, कापसाच्या जाड घड्यांचा शेक पंधरा दिवस, आणि निजल्या निजल्या करायचे पायांचे चार व्यायाम. डाग बंद. दुखणं साफ जाणार नाही, हेही त्यानं गुळमुळीत न करता सांगितलं. चांगले दिवस येतील, वाईट येतील. वाईट दिवशी पडून राहायचं, चांगल्या दिवशी वाईट दिवसाएवढंच काम करायचं, जास्त नाही. ही शेवटची अट करमअलीला फार जाचक वाटली.

डॉक्टरचा कागद पाहिल्यावर कंपनीच्या वकिलानं भांडण्यापेक्षा तडजोड बरी असं ठरवलं. मिळकतीची ताकद निम्मी गेली, असं धरून सहाशे तीस रुपये. जूनच्या मध्यावर कमिशनर साहेबांपुढे करारनामा वाचला गेला. साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्ही ह्यापुढे बोटीवर काम करू शकत नाही, हे तुम्हाला कबूल आहे?"

रामचंद्रानं तपकिरीची डबी हातात गच्च धरली. अतियाला वाटलं, आता हा माणूस इथंही फस्टक्लास म्हणतो की काय. करमअली खुर्चीत बसला होता. उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तोही उठला नाही.

"कबूल," तो म्हणाला. मग, कुणी विचारलं नसताना, "शिडी न्हाय चडवत, साहेब."

अंगठा दिला. नली मेजावर ठेवली, तिच्यावर शिक्का बसला. ती परत हातात आल्यावर त्यानं शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि अतियाच्या पिशवीत टाकली.

बोटी बंद होत्या, म्हणून घरी जायचं ते धरमतरपर्यंत खाडीच्या लाँचनं आणि पुढं माणगावपर्यंत सर्व्हिस मोटारीनं. सव्वीस वर्षं सात समुद्र केलेला टंडेल जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसला, आणि पेण यायच्या आत त्याला मळमळायला लागलं. अरबी समुद्राच्या वादळात जेवण करणारा माणूस! ताजुद्दीनला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला.

"हस, हस," करमअली म्हणाला. "अतिया, डोकं फिरतंय गो. आनि हा पट्टा काचतोय. पाय पन आलाय जळत. डायवर काय रेडे हाकत व्हता का आदी? सांग त्याला, सावकाश घे म्हनावं. खड्डा आला की हितं, हितं कळ येते, हात लाव, हितं."

कोलाडपर्यंत मोटारीतल्या एकूणएक उतारूंना करमअलीची कंबर तोंडपाठ झाली. एक म्हातारी तर स्वतःचं संधिवाताचं गाऱ्हाणं सांगायला निघाली होती, तिला त्यानं मधेच तोडून आपला मणका कसा चेपला ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. इंदापूरला मोटार पाण्यासाठी थांबली. अतिया खाली उतरून ड्रायव्हरशी दोन शब्द बोलली आणि परत आली.

"काय म्हनला?"

"म्हनला, पुढची सीट मोकळी करून देतो. तिथं धक्के कमी बसतात. पन दोन आने जास्ती पडतील."

करमअलीनं एकदा खिडकीतून पुढच्या सीटकडे पाहिलं. तिथं कुणी तालुक्याचा भाऊसाहेब पेपर वाचत बसला होता.

"दे दोन आने," तो म्हणाला. "आनि डायवरला सांग, मना खाली उतरायला दोन मानसं लागतात. ये म्हनावं उचलायला."